सात मिनिटं

छायाचित्रातला लाल रंगाचा थर वेगळा काढला आणि निकालातले तिन्ही एक नाहीसे झाले. बाकी सगळं जागच्या जागी होतं. तारखेतले एक होते, पेटी क्रमांक ११४ मधले दोन्ही एक होते, सहीखालची रेघ होती. कोपऱ्यातला टाचणीचा गंज तेवढा फिकट झाला होता. निकालाच्या रकान्यात मात्र जिथे मघाशी १७, १८, १७ होतं, तिथे आता ७, ८, ७ उरलं होतं, आणि प्रत्येकाच्या डावीकडे पडलेल्या दातासारखी एक रिकामी जागा. मी हिरवा थर लावला. सतरा. परत लाल. सात. कुठलंही रंगीत छायाचित्र तीन थरांचं असतं हे मला कॉलेजपासून माहीत होतं, पण ते थर असे उलगडले की कागद जबानी देतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मूळ आकडे कार्बन पेपरचे होते, निळे, ते लाल थरात गडद दिसत होते. एक नंतर शाईने लिहिलेला होता, ती शाई शंभर वर्षांत गंजासारखी तपकिरी झाली होती, आणि म्हणून ती गंजाबरोबरच विरत होती. म्हणजे कुणीतरी प्रत हातात घेऊन, दौतीत टाक बुडवून, तीन वेळा एक लिहिला होता. तीन वेळा. एकदा हात घसरतो. तीनदा हात घसरत नाही.

हे मी ल्यूकन या आयरिश उपनगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर, सकाळी साडेदहा वाजता, कडेच्या अरुंद खोलीत बसून पाहत होते. फेब्रुवारी २०२१. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती, आणि मी तर पाच मीटरमध्येच जगत होते. डावीकडे खिडकी, खिडकीबाहेर गवताचा चौकोन आणि त्याच्याभोवती एकसारखी बावीस घरं, उजवीकडे भिंत, भिंतीपलीकडे हॉट प्रेस. गरम पाण्याच्या टाकीभोवती बांधलेल्या त्या कपाटात इथले लोक कपडे वाळवतात. ती भिंत कायम कोमट असायची आणि मी पाठ टेकून काम करायचे. काम साधं होतं. ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका कंपनीने जुनी कागदपत्रं डिजिटल करायचं कंत्राट घेतलं होतं. कागदाचं छायाचित्र येतं, आपण मजकूर टाइप करायचा. प्रत्येक ओळ दोघं जण वेगवेगळी टाइप करतात, एकमेकांना न विचारता. दोघांचं जुळलं तर ती ओळ खरी. नाही जुळलं तर तिसरी व्यक्ती ठरवते आणि चुकलेल्याची टक्केवारी कमी होते, आकडा चुकला तर दहापट. मार्चअखेर माझी टक्केवारी साडेनव्व्याण्णवच्या वर राहिली तर नोकरी कायम, नोकरी कायम झाली तर परमिट, परमिट नसेल तर मेमध्ये शिक्षणानंतरचा माझा परवाना संपणार आणि मी रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन घरी. तिसरी व्यक्ती म्हणजे भार्गवीताई. घरही तिचंच, कोमट भिंतही तिचीच. शॅननमधली माझी प्रयोगशाळेतली नोकरी सुटली तेव्हा तिनेच मला इथे आणलं आणि तिनेच कंपनीत माझं नाव दिलं.

मी टाइप केलं: ७, ८, ७. हात टेबलावर सपाट ठेवले. संताप आला की माझे तळवे थंड पडतात, हे मला वर्षभरात कळलं आहे.

कागद कुणाचे ते सांगता येत नाही, करारावर सही केली आहे, म्हणून नावं मी बदलते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरातला ब्रिटिश वकिलातीचा अधिकारी, मूळचा इथल्या क्लेअर परगण्यातला, त्याला मी कॉन्सल म्हणते. सतरा पेट्या पत्रं. मी नवव्या पेटीत होते. नदीच्या वरच्या अंगाला एक जनरल बसला होता, त्सुई म्हणू, आणि त्याला काडतुसं हवी होती. मोठ्या राष्ट्रांनी तेव्हा मिळून ठरवलं होतं की चीनमधल्या कुठल्याच सेनापतीला शस्त्रं पुरवायची नाहीत. लंडन म्हणत होतं, वचन मोडू नका. बंदरातले व्यापारी म्हणत होते, जनरल रुसला तर नदी बंद. आणि कॉन्सल दोघांनाही पत्रं लिहीत होता, इतकी सुंदर, इतकी गुळगुळीत, की मी पहिले चार दिवस त्याच्या प्रेमात होते. आईला लिहिलेल्या पत्रात तो क्लेअरमध्ये इंग्रजांविरुद्ध चाललेल्या धुमश्चक्रीबद्दल विचारायचा, या बेरडांच्या हातात बंदुका देतं तरी कोण, घराच्या काचा शाबूत आहेत ना. त्याच दिवशी, त्याच टाकाने, लंडनला: जनरलच्या मागणीचा सहानुभूतीने विचार व्हावा असं वाटतं. कुणाला वाटतं? पत्रांमध्ये कर्ता कुठेच नव्हता. ठरवण्यात आलं, सुचवण्यात आलं, आढळून आलं. मला ती भाषा ओळखीची होती. प्रयोगशाळेतल्या अहवालांत आम्हीही तसंच लिहायचो. नमुना तपासण्यात आला. जणू नमुन्याने स्वतःच उठून स्वतःला तपासलं.

मग त्याने तोड काढली. बंदरातल्या लष्करी कोठारात काडतुसांच्या सहाशे पेट्या महायुद्धाआधीपासून पडून होत्या. त्यांत कॉर्डाइट होतं. कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारखे पिवळसर धागे, बंदुकीच्या दारूऐवजी भरायचे. ते जुनं होत जातं तसं आतल्या आत कुजतं, आम्लाच्या वाफा सोडतं, त्या वाफांनी आणखी लवकर कुजतं, तापतं, आणि उन्हाळ्यात बंद जागेत ठेवलं तर एक दिवस आपोआप पेटतं. म्हणून त्याची चाचणी असते. चिमूटभर नळीत घालायचं, नळी ब्याऐंशी अंशांच्या पाण्यात धरायची, वर एक ओलसर कागद टांगायचा, आणि घड्याळ लावून बसायचं. कागदावर तपकिरी रेघ उमटायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. त्या कोठाराच्या नियमाप्रमाणे दहाच्या आत रेघ उमटली तर माल बाद, समुद्रात बुडवा. सहाशे पेट्यांचा निकाल सात मिनिटं. कॉन्सलने लंडनला कळवलं, माल बाद आहे, तेव्हा त्याला शस्त्र म्हणता येणार नाही, मोडीत विकायला हरकत नसावी. लंडन म्हणालं, हरकत नाही. मोडीचं गिऱ्हाईक जनरलच होता, आणि त्याच्या माणसाने चाचणीचा कागद मागितला तेव्हा त्याला कार्बन प्रत दाखवली. तिच्यावर सतरा होतं.

हे असं सलग मी आता सांगते आहे. तेव्हा ते तुकड्यातुकड्यांत येत होतं, दिवसाला चाळीस पानं, आणि मधे खालून इरावतीचा आवाज. भार्गवीताईची मुलगी, आठ वर्षांची, तिची शाळा स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर भरायची. ती मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मला जेवायला बोलवायला आली की दारातून स्क्रीनकडे पाहून विचारायची, "इज ही स्टिल रायटिंग टु हिज मॅमी?" हो, म्हणायचे मी, अजून आईलाच लिहितोय. त्या दिवशी ती आली तेव्हा मी लाल थर लावून बसले होते. तिला म्हटलं, हे बघ, एक कुठे गेला सांग. तिने डोळे बारीक केले, म्हणाली, "समवन चीटेड," आणि जिन्यावरून उड्या मारत खाली गेली. एवढं सोपं होतं ते.

जुलैत जनरलचं कोठार उडालं. मिठाच्या जुन्या वखारीत पेट्या रचल्या होत्या, वर पत्रा, बाहेर छत्तीस-सदतीस अंश. वखारीला लागून बाजार होता. कॉन्सलच्या पत्रात मेलेल्यांचा आकडा नाही. वाक्य असं आहे: जनरलसंबंधीची आपली अडचण दैवयोगाने सुटली आहे. मी ते वाक्य टाइप केलं. विरामचिन्हासकट जसंच्या तसं टाइप केलं, कारण नियम तोच होता, दिसेल ते टाइप करा. त्यानंतर खुर्चीवरून उठले आणि हॉट प्रेसचं दार उघडून नुसती उभी राहिले, टॉवेलांच्या त्या कोरड्या, किंचित करपलेल्या उबेत. ब्याऐंशी अंश म्हणजे किती, याचा अंदाज घेत होते बहुधा. टाकीवरचा काटा साठावर होता.

जनरलच्या लोकांनी दाखवलेल्या कागदाचा हवाला दिला, त्यावर तर सतरा होतं. चौकशी झाली. चौकशीत ठरवण्यात आलं की आकडा नोंदवताना सहायकाच्या हातून हलगर्जीपणा झाला. सहायक, गुरुनाथ चौबळ, मुंबईचा विज्ञान पदवीधर, वय सत्तावीस, बंदरातल्या लष्करी कोठाराच्या प्रयोगशाळेत चार वर्षं. त्याला काढून टाकलं. त्याचा अर्ज नवव्या पेटीच्या तळाशी होता, 'किरकोळ, एतद्देशीय नोकरवर्ग' असं लिहिलेल्या पाकिटात. तीन पानं, मान खाली घालून लिहिलेलं इंग्रजी, प्रत्येक परिच्छेद विनम्रपणे सुरू होणारा. पण मधेच एका जागी ती विनम्रता सुटते. मी सात लिहिलं, तो म्हणतो. घड्याळ माझ्यासमोर होतं. मी ती चाचणी तीन वेळा केली कारण मला सात नको होतं. पुढे: नोकरी परत मिळावी अशी माझी मागणी नाही. कागदावरचा आकडा दुरुस्त करावा, एवढीच विनंती आहे. समासात कॉन्सलच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे: उत्तराची गरज नाही.

मला सात नको होतं. हे वाक्य मी दिवसभर वागवत होते. दुपारी दूध आणायला बाहेर पडले. वारा तोंडावर आडवा येत होता. दुकानाच्या दारात खांबावर सॅनिटायझर जेलची बाटली, पायाने दाबायची. सगळे दाबत होते, हात चोळत आत जात होते, त्या थंड गोडसर वासाचा एक पट्टाच दारात तयार झाला होता. मी दाबत नाही. माझ्या पाकिटात साबणाच्या पट्ट्या असतात, घरी येऊन हात धुते. भार्गवीताई याला माझं सोवळं म्हणते. रांगेत उभी असताना मी मनात कॉन्सलला शिव्या देत होते, त्याला, त्याच्या टाकाला, त्याच्या आईच्या शाबूत काचांना. शिव्या देताना बरं वाटतं, अंगात ऊब येते. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाइतकं सोयीचं कुणी नसतं.

दुसऱ्या दिवशी यादीत तीन ओळी लाल झाल्या. जुळत नाही. मी ७, ८, ७. समोरच्याचं १७, १८, १७. समोरचा म्हणजे पुण्याच्या ऑफिसातला विलास. विचारायला बंदी होती, पण मी विचारलंच, खासगी मेसेज करून. त्याचं उत्तर लगेच आलं: "सतरा दिसलं, सतरा मारलं. ताशी दोनशे ओळी मारायच्या असतात मॅडम. तुम्हाला तिथे भिंग लावायला वेळ मिळतो हे ऐकून आनंद झाला." शेवटी हसरा चेहरा. मी त्याच्यावर चिडू शकले नाही. त्याला तर तेच सांगितलं होतं, दिसेल ते टाइप करा.

भार्गवीताईने मला खाली बोलावलं. ती ओट्याशी उभी राहून लॅपटॉप पाहत होती. एकीकडे कुकरची शिट्टी, एकीकडे इरावतीची टीचर इथल्या गेलिक भाषेत आठवड्याचे वार म्हणवून घेत होती. "काऊन गं," ती म्हणाली. नागपूर तिच्या तोंडून असं फक्त काळजीत असताना निघतं. "शंभर पानांत एक चूक नाही तुझी. आणि इथे तीन. डोळे गेले का?"

मी लाल थर दाखवला. हिरवा. परत लाल. ती बराच वेळ पाहत राहिली. तिला कळलं, लगेच कळलं, ती काही मूर्ख नाही. मग तिने लॅपटॉप अर्धा मिटला.

"हे बघ. आपण इतिहास संशोधक नाही. आपण टायपिस्ट आहोत, जरा बऱ्या खुर्च्यांवाले टायपिस्ट. क्लायंटने काय मागितलंय? कागदावर काय दिसतं."

"दिसतंय की सात."

"तुला दिसतंय. लाल चष्मा लावून."

"ताई, त्याने अर्ज केला होता. आकडा दुरुस्त करा म्हणून. एवढंच मागितलं होतं त्याने."

"कोणी?"

"गुरुनाथ चौबळने."

"तू त्याच्याबद्दल असं बोलतेस की तो वरच्या खोलीत भाड्याने राहतो," ती म्हणाली, आणि आम्ही दोघीही हसलो, कारण ते थोडंसं खरं होतं. हसू संपल्यावर ती म्हणाली, "मिसेस प्रायरना विचारू. त्यांचे कागद आहेत. त्या हो म्हणाल्या तर टीप टाकू. नाही म्हणाल्या तर सतरा. चालेल?"

मिसेस प्रायर म्हणजे कॉन्सलची नात, ब्याऐंशी वर्षांची, हा आकडा मी मुद्दाम घातलेला नाही. शॅननच्या खाडीजवळच्या, कॉन्सलच्या आईच्या त्याच घरात राहणारी. तिच्या घराण्याच्या ट्रस्टने हे काम दिलं होतं. झूमवर तिचं कपाळ आणि मागे कुत्र्याची शेपटी दिसत होती. माझं नाव तिने तीनदा विचारून नीट म्हटलं, पहिल्या लॉकडाउनला शॅननमध्ये मी कुठे राहत होते ते विचारलं, तिथला वारा म्हणजे माणसाला सोलून काढतो म्हणाली. आवडण्यासारखी बाई. आणि मी तोंड उघडायच्या आतच तिने तो किस्सा सांगायला सुरुवात केली, जो त्यांच्याकडे दर नाताळला टर्की कापताना सांगतात. आजोबांकडे एक चिनी जनरल आला, बंदुकीची काडतुसं द्या म्हणून हटून बसला. आजोबांना माणसं मारायला माल द्यायचा नव्हता, आणि नाही म्हणायचीही सोय नव्हती. मग त्यांनी काय केलं माहितीये? फुसका माल दिला. ओले फटाके. जनरल बिचारा चाप ओढतोय आणि नुसतं फुस्स. किती जीव वाचवले त्यांनी, कुणाला कळलंसुद्धा नाही. ती हसली, शेपटी हलली, भार्गवीताईही शिष्टाचार म्हणून हसली.

"तो फुसका नव्हता," मी म्हणाले.

मी स्क्रीन शेअर केली. सगळं क्रमाने सांगितलं, नळी, पाणी, ओलसर कागद, सात मिनिटं, वखार, बाजार. मी चांगलं समजावून सांगते, सगळे म्हणतात. लाल थरात एक विरले तेव्हा तिचं कपाळ स्क्रीनच्या जवळ आलं आणि पहिल्यांदाच तिचे डोळे दिसले, फिकट निळे, पाणथळ. मी चौबळचं वाक्य वाचून दाखवलं. कॉन्सलचा शेरा वाचून दाखवला. कुत्र्याने खाली कुठेतरी उसासा टाकला.

"पण त्यांनी तो अर्ज ठेवला, पेट," ती म्हणाली. लहान मुलांना म्हणतात तसं पेट. "जाळता आला असता. शेकोटी तर रोजच पेटायची. त्यांनी तो घरी आणला, इतक्या लांब. का आणला असेल?"

तो पुरावा होता की पश्चात्ताप होता, की नुसती कागद न फेकण्याची सवय? मी त्याला राक्षस करून ठेवला होता आणि ती त्याच्या हातात तीन पानं देऊन त्याला बोटीत बसवत होती. मी म्हणाले, "ठेवला, पण उत्तर दिलं नाही." ती म्हणाली, "नाही. दिलं नाही." मग ती एकदम थकल्यासारखी दिसली. "कागदावर आहे ते लिहा, मुली. सतरा आहे ना, सतरा लिहा. टीप वगैरे नको. मी गेल्यावर पोरांना काय खणायचं ते खणू दे. तुम्ही ग्रँड काम करताय." आणि तिने चुकीचं बटण दाबून स्वतःला आधी मूक केलं, मग काळं केलं.

भार्गवीताईने खुर्ची माझ्याकडे वळवली. ती माझ्यावर रागावली नव्हती, हेच अवघड होतं. "मी सतरा करते," ती म्हणाली. "आणि ऐक, या तीन ओळी तुझ्या टक्केवारीत धरत नाही. मला तेवढा अधिकार आहे. पहिली एंट्री सोडून देऊ. झालीच नाही असं समज."

पहिली एंट्री सोडून देऊ. त्या वाक्याने माझ्या नाकात एकदम जेलचा वास आला, थंड, गोडसर, इतका स्पष्ट की मी मागे वळून पाहिलं. वास ल्यूकनचा नव्हता. शॅननचा होता, विमानतळाकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लांबट शेडचा, मे २०२०. बाहेर एकही विमान नाही, आकाश धुतलेल्या काचेसारखं, आणि आत आम्ही पाच जण दिवसाला दोनशे नमुने तपासतोय. हात निर्जंतुक करायचं जेल, वृद्धाश्रमांना जाणारं. बाटलीवर सत्तर टक्के अल्कोहोल लिहिलेलं, यंत्र म्हणालं बावन्न. मी शैलेंद्रसरांना सांगितलं. सर आमचे प्रमुख, सांगलीचे, दर रविवारी आम्हा दोघा-तिघांना घरून पोहे आणणारे, मला "अस्मिता, तू नसतीस तर हे दुकान बंद पडलं असतं" म्हणणारे. ते म्हणाले, "सुई नीट बसली नसेल. पहिला रन धरू नकोस." दुसरा रन, म्हणजे यंत्रावरची दुसरी चाचणी: बावन्न. "बाटली हलवली नसशील. हाही धरू नकोस." मग ते स्वतः एक बाटली घेऊन आले. कुठून आणली ते मी विचारलं नाही. मी कुतूहलाने हा विषय निवडलेली मुलगी, पाणी उकळताना बुडबुडे मोजणारी, मी विचारलं नाही. तिसरा रन: एकाहत्तर. माझ्या आत काहीतरी सैल झालं, मोकळं झालं, आणि तो आनंद होता. मला बावन्न नको होतं. चौबळलाही सात नको होतं, म्हणून त्याने तीनदा चाचणी केली आणि तिन्हीदा जे आलं ते लिहिलं. मीही तीनदाच केली. नमुना तपासण्यात आला. निकाल एकाहत्तर. खाली सही, अ. कु. आणि तारीख. सर म्हणाले, "लोक मरतायत गं, बाटल्या अडवून काय साधणार?" आणि मी स्वतःला शास्त्रीय भाषेत समजावलं की बावन्न म्हणजे शून्य नव्हे, काहीच नसण्यापेक्षा बावन्न बरं. बाटल्या गेल्या. कुठल्या आश्रमात, कुणाच्या हातांवर, ते कधीच कळणार नाही. त्या वर्षी तिथे माणसं इतकी जात होती की एका बाटलीचा हिशेब कोण मांडणार? माझी अडचणही दैवयोगाने सुटली होती.

म्हणजे मी गेले तीन आठवडे ज्याला शिव्या देत होते तो टाक माझ्या हातात होता. वाईट याचं वाटलं नाही की मी कॉन्सल निघाले. याचं वाटलं की या सगळ्यात मी स्वतःला चौबळ समजत होते. मुंबईचा विज्ञान पदवीधर, परक्या मुलुखात, प्रामाणिक. त्याच्या अर्जाची तीन पानं मी स्वतःच्या अंगाला मापून पाहत होते. आणि दुकानाच्या दारातली बाटली मात्र दाबत नव्हते, नऊ महिने, कारण हातांना माहीत होतं. डोक्याने सांगितलं होतं, धरू नकोस. हात धरून होते.

"ऐकतेयस ना?" भार्गवीताई म्हणाली. "रडू नको बाई. परमिट होऊन जाईल तुझं."

"धर," मी म्हणाले.

"काय?"

"तिन्ही ओळी माझ्या टक्केवारीत धर. मी सात टाइप केलंय. ते झालंय. झालं नाही असं समजू नकोस."

"अस्मिता, तू नव्व्याण्णव पॉइंट चारला येशील."

"येऊ दे."

"पॉइंट एकासाठी परत जाशील?" तिचा आवाज चढला आणि तिने स्वतःच तो आवरला, इरावतीकडे पाहून. "कुणाला दाखवणारेस हे? मेलाय तो."

तिने लॅपटॉप उघडला, आणि मी तिच्या बोटांकडे पाहत होते. तिने निकालात सतरा घातलं. मग टक्केवारीच्या चौकटीत खूण केली. प्रणाली प्रत्येक एंट्री जपून ठेवते, नाकारलेलीसुद्धा, टाइप करणाऱ्याच्या नावासकट. मुख्य पानावर दिसत नाही, पण खणणाऱ्याला सापडते. तेव्हा गुरुनाथ चौबळच्या अर्जाला उत्तर गेलं असं मी म्हणणार नाही. एवढंच की त्याच्या निकालासमोर कुठेतरी आता सात आहे, आणि त्याच्यापुढे चूक अशी खूण. तो हसला असता, किंवा नसता. इरावतीने मान वर करून विचारलं, "इज आई क्रॉस विथ यू?" मी म्हणाले, हो, थोडी रागावलीय. "यू'ल बी ग्रँड," ती म्हणाली, इथल्या बोलीत ठीक होईल तुझं, आणि परत वारांकडे वळली.

मी वर आले. भिंत कोमट होती, मी टेकले नाही. अशा तक्रारींसाठी सरकारी खात्याचं एक पान आहे, ते मी गेल्या मेपासून किमान दहा वेळा उघडून बंद केलं होतं, ब्राउझरला ते पाठ झालं होतं. उत्पादन. बॅच क्रमांक: मला तो पाठ होता, फोन नंबर पाठ असतो तसा. तपासणीची तारीख. लेबलवरचं प्रमाण, सत्तर. प्रत्यक्ष आढळलेलं प्रमाण. इथे मी पहिला रन लिहिला, दुसरा लिहिला, आणि तिसरा कुठल्या बाटलीचा ते मला माहीत नाही असंही लिहिलं. कर्ता घालून लिहिलं. मी तपासलं. मी सांगितलं. मी विचारलं नाही. वाक्यं शाळेतल्या निबंधासारखी बुटकी आणि ओबडधोबड झाली. शैलेंद्रसरांचं नाव लिहिताना मला पोह्यांवरचं ओलं खोबरं आठवलं, हात थांबला, आणि मग मी तेही नाव लिहिलं. खिडकीबाहेर वाऱ्याने कुणाचं तरी रिकामं हिरवं कचऱ्याचं बिन गवतावरून गडगडत नेलं. बावीस घरांतून कुणीही ते आणायला बाहेर आलं नाही. शेवटचा रकाना होता: या उत्पादनाशी आपला संबंध. पर्याय दिलेले होते. ग्राहक, विक्रेता, वैद्यकीय कर्मचारी, इतर. मी 'इतर' निवडलं. खाली एक छोटी रेघ उघडली, कृपया स्पष्ट करा.

मी लिहिलं, सही माझी आहे.